तुमची मावशी, अंधेरी

नोकरीच्या काळात मी अनोळखी लोकांना ढिगांनी पोस्टकार्डं लिहिली आणि प्रत्येकाखाली सही केली, "तुमची मावशी, अंधेरी." त्यांतल्या एकाचीही मी मावशी नव्हते. सख्खे भाचे दोन आहेत, त्यांना वर्षाकाठी एक पत्र टाकायला मला सवड होत नसे, हे माझी बहीण अजून ऐकवते.

इस्पितळ अंधेरीतलं, ट्रस्टचं. नाव लिहीत नाही, कारण विश्वस्तांच्या घरांत वकील फार. ऐंशीच्या दशकात तिथे दर गुरुवारी गाठींची ओपीडी चालायची. दारावर पाटी होती 'विशेष तपासणी'. कॅन्सर हा शब्द लिहायचा नाही, असा विश्वस्तांचा ठराव होता. विशेष काय आहे ते लिफ्टवाल्यापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असायचं. ठाऊक नसायचं फक्त ज्याची तपासणी चालली आहे त्याला.

मी तिथे नोंदणी विभागात कारकून होते आणि माझ्याकडे पाठपुराव्याचं काम होतं. हे काय असतं ते बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट नारळ घेऊन घरी गेला की घरच्यांना वाटतं सुटलो. गाठीला तसं वाटत नाही. काही गाठी परत येतात. त्याच जागी येतात, नाहीतर छातीत उगवतात. लवकर सापडली तर पुन्हा काही करता येतं, उशीर झाला तर डॉक्टर फक्त मान हलवतात. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी पेशंटला बोलावून हाताने चाचपून बघायचं, पुढे सहा महिन्यांनी, मग वर्षाने. प्रत्येकाचं एक कार्ड लाकडी खोक्यात उभं असायचं. तारीख उलटली की मी पत्र टाकायची, मग दुसरं. तरी आला नाही तर पर्स उचलून त्याच्या दारात. गोवंडीला एकदा पत्ता होता 'मशिदीमागे, तिसरा नळ'. नळ दोनच होते. तरी मी माणूस शोधून काढला होता.

आधी आमची छापील कार्डं होती, त्यांवर इस्पितळाचा ठसठशीत शिक्का. घाटकोपरच्या एका चाळीत पोस्टमनने ते कार्ड सवयीप्रमाणे वाचूनच दिलं आणि दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या बायकांनी आमच्या पेशंटला सामायिक नळावर कळशी लावू दिली नाही. तिच्या नवऱ्याने ते कार्ड आणून माझ्या टेबलावर आपटलं. आमच्या मोठ्या सरांनी, म्हणजे विभागाच्या प्रमुख सर्जननी, चष्मा पुसत सांगितलं की काहीतरी कौटुंबिक लिहीत जा. तेव्हापासून मी मावशी झाले. "बरेच दिवसांत आला नाहीत. येत्या गुरुवारी सकाळी नक्की येऊन जा." एवढाच मजकूर, आणि कोपऱ्यात इस्पितळाचं नाव गाळून नुसता पत्ता. कुणाला संशय येण्याचं कारण नाही, असं आम्हाला वाटलं.

बोरिवलीच्या एका बाईंना आला. नवऱ्याने गाठीचं घरी काही सांगितलेलं नव्हतं, ऑपरेशनच्या वेळी कंपनीच्या कामाने नाशिकला जातो म्हणून निघाला होता. ही अंधेरीची कोण मावशी दर तीन महिन्यांनी याला गुरुवारीच बोलावते, याचा शोध घ्यायला बाई पत्त्याबरहुकूम थेट माझ्या टेबलापर्यंत आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली, केस पांढरे, पायांत रबरी चपला. त्यांच्या चेहऱ्यावर जो दिलासा पसरला तो मला फारसा आवडला नाही. नवऱ्याला कॅन्सर आहे हे कळल्यावर त्या रडल्या, पण आधी दोन मिनिटं त्यांना बरंच वाटलं होतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता मोठ्या सरांविषयी. सर सोन्याच्या हाताचे सर्जन होते, यात वाद नाही. त्यांना एकच शौक होता, दुर्मिळ गाठी. तोंडाच्या कॅन्सरचे तंबाखूवाले बाहेरच्या बाकावर चार-चार तास बसून राहायचे, त्यांच्याकडे सर पाहायचेसुद्धा नाहीत. पण स्नायूंत किंवा सांध्याजवळ होणाऱ्या, हजारांत एखाद्याला होणाऱ्या गाठीचा पेशंट आला की सर उठून उभे राहायचे. त्याला खुर्ची मिळायची, कधी कॉफी. त्याचे फोटो निघायचे. बिचाऱ्याला वाटायचं आपला आजार किरकोळ असणार, म्हणून तर हे एवढे हसतायत.

अशा आमच्या लाडक्या पेशंटांत मनोरीचा एक कोळी होता. खांद्यावरची गाठ चार वेळा काढली, चार वेळा परत आली. मासळी चांगली लागली असेल तर हा गृहस्थ माझ्या पत्राकडे ढुंकून बघायचा नाही. एकदा मी मार्वेहून होडीने त्याला शोधत गेले, तर त्याने मला सुक्या बोंबलांची जुडी हातात देऊन परत पाठवलं आणि पाऊस लागल्यावर येतो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर फुली मारलेली होती. तो माझ्या निवृत्तीपर्यंत ठणठणीत होता. आमच्या शास्त्राला हा माणूस कधीच मान्य झाला नाही.

पण मला लिहायचं आहे ते सुनंदाबद्दल.

सुनंदा दळवी, मुलुंडची, वय बावीस. गुडघ्याच्या मागे सुपारीएवढी गाठ आली. मुलुंडच्या एका नर्सिंग होममधल्या डॉक्टरने चरबीची गाठ म्हणून ती पंधरा मिनिटांत काढली, स्टीलच्या वाटीत घालून वडिलांना दाखवली आणि फेकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गोष्टींची सुरुवात या वाटीपासून व्हायची. कारण या गाठींना एक खोटं कवच असतं. वाटाणा सोलावा तशी गाठ त्यातून अलगद सुटून येते आणि डॉक्टरला वाटतं, काय हात आहे आपला. ते कवच गाठीच्याच पेशींचं असतं आणि ते आत राहतं. आठ महिन्यांत गाठ परत आली, लिंबाएवढी.

मग ती आमच्याकडे आली. तुकडा तपासला, दुर्मिळ जातीची निघाली, सर उभे राहिले. त्यांनी आजूबाजूच्या मांसासकट गाठ काढली आणि पाय वाचवला. काम खरोखर देखणं होतं. मग सहा आठवडे शहरातल्या मोठ्या इस्पितळात किरणांचे उपचार. घरच्यांनी तिला सांगितलं, शेक घ्यायचा आहे. त्या काळी सगळेच असं सांगायचे.

तिचे वडील दळवी भांडुपच्या एका कारखान्यात हेडक्लार्क. सज्जन, टापटिपीचा माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलीला काही कळता कामा नये, लग्न व्हायचं आहे. यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडे नियमच होता की निदान जबाबदार नातेवाइकाला सांगायचं, आणि जबाबदार नातेवाईक म्हणजे घरातला पुरुष. पेशंट हा त्यात मोडत नसे. ज्यांना सांगायचं नाही त्यांच्या कार्डाच्या कोपऱ्यात मी लाल शाईने 'मा. ना.' लिहायची, माहीत नाही. आमच्या खोक्यात लाल कोपरे जास्त होते. दळवींनी विनंती केली की मावशीचं पत्रसुद्धा घरी नको, कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. मी पत्ता बदलला.

पहिल्या दोन वेळी त्यांनी तिला आणलं, जखम दाखवायला म्हणून. पुढे तिचं लग्न ठरलं, झालं, ती बोरिवलीला राण्यांच्या घरी गेली. सासरी अर्थातच काही सांगितलेलं नव्हतं. आता तिला दर तीन महिन्यांनी अंधेरीला कुठल्या निमित्ताने आणणार? दळवींनी त्यावर तोड काढली. माझं पत्र गेलं की आठ दिवसांत त्यांचं उत्तर यायचं, वळणदार अक्षरात: "चि. सौ. सुनंदाची प्रकृती उत्तम आहे. कोणतीही तक्रार नाही. मावशींना नमस्कार." आणि मी कार्डावर बरोबरची खूण करून लिहायची, 'गाठ नाही.'

इथे थांबून खरं ते सांगते. हे चूक आहे हे मला कळत होतं. तपासणी म्हणजे हात लावून बघणं. बापाच्या सुंदर अक्षराने गाठ दिसत नाही. पण सरांना त्या वर्षी परिषदेत दुर्मिळ गाठींवर निबंध वाचायचा होता आणि त्यात 'संपर्क तुटला' असे पेशंट जितके कमी तितकं बरं. मी एकदा दबकत म्हटलं की दळवींची मुलगी प्रत्यक्ष आलेली नाही. सर म्हणाले, "वडील लिहितायत ना? मग झालं." मीच तो निबंध टाइप केला. त्यात सुनंदा एका ओळीत होती, दोन वर्षं रोगमुक्त. परिषदेत टाळ्या पडल्या, असं सरांनी आम्हाला पेढे देत सांगितलं. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका गुरुवारी ओपीडीतल्या ज्युनियर डॉक्टरने नवीन केसपेपर माझ्याकडे पाठवला. स्नेहल राणे, वय पंचवीस, बोरिवली. गुडघ्यामागे गाठ, वर जुना व्रण. पेशंट म्हणते पूर्वी इथेच ऑपरेशन झालं, पण नोंद सापडत नाही. मी खोकं धुंडाळलं, स्नेहल राणे नव्हतीच. मग बाहेर बाकाकडे जाऊन पाहिलं, तर सुनंदा बसलेली. लग्नात तिचं नाव बदललं होतं. आपल्याकडे तांदळात नाव लिहून मुलीला नवीन करतात, आणि आमचं कार्ड जुन्याच नावाने खोक्यात उभं, त्यावर गेल्याच महिन्याची माझी खूण.

गाठ आता मोसंब्याएवढी होती. रक्तवाहिनीला वेढून बसलेली. छातीचा फोटो मात्र स्वच्छ निघाला. त्याचा अर्थ सरळ होता. पाय मांडीपासून काढला तर ती बहुधा जगेल, नाही काढला तर गाठ छातीत जाईल आणि मग काहीच उरणार नाही. सरांनी तिला दाखल करून घेतलं आणि घरच्यांना बोलावलं.

सरांच्या खोलीत बैठक भरली. दळवी, सासरे, नवरा आणि सर. मी कागद घेऊन कोपऱ्यात उभी. सासरे पहिली पंधरा मिनिटं फक्त फसवणूक, फसवणूक एवढंच म्हणत होते. दळवी रुमालाने तोंड पुसत होते. नवरा, साधा मुलगा, छापखान्यात नोकरीला, बुटांकडे बघत बसला होता. मग सरांनी मुद्दा मांडला. तिला आधी सांगितलं तर ती घाबरून नकार देईल. नकार दिला तर मरेल. म्हणून सांगायचं नाही. तिला म्हणायचं, गाठ काढतोय. शुद्धीवर आली की कळेलच. संमतीपत्रावर नवऱ्याने सही करायची.

दळवी हो म्हणाले. फसवणूक झालेले सासरेही या एका बाबतीत लगेच हो म्हणाले. नवऱ्याला कुणी विचारलं नाही, त्याच्या हातात पेन दिलं. तो म्हणाला, "तिला एकदा विचारूया ना?" सर त्याला समजावत म्हणाले, "अरे, तुझ्यासाठीच चाललंय हे." त्याने सही केली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं.

मी ते संमतीपत्र फायलीला लावायला वॉर्डात गेले. दुपारची वेळ होती. ती खाटेवर पाय सोडून बसली होती. मला म्हणाली, "बाई, उद्या काय करणार आहेत माझं?"

ठरल्याप्रमाणे मी म्हटलं, "गाठ काढणार."

"गाठ काढायला सासरे कशाला येतात? गेल्या वेळी बाबा एकटे होते. आणि मघाशी आया माझे पाय चेपून गेली. मी काय सांगितलं नव्हतं तिला."

मी फाईल खाटेवर ठेवली. इतक्या वर्षांत मी किती जणांशी सफाईने खोटं बोलले होते, पण त्या आयेच्या पाय चेपण्यापुढे माझं काही चालेना. मला भयंकर लाज वाटली. मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं. मांडीच्या मध्यापासून, उजवा. आजाराचं नावही सांगितलं.

तिने लोंबणारा उजवा पाय उचलून खाटेवर घेतला. मग विचारलं, "नाही काढला तर?"

"छातीत जाईल. मग कुणाच्या हातात काही नाही."

"काढला तर?"

"बहुतेक वाचशील. खात्री देत नाही कुणी."

"बाबांना माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"त्या आयेला पण."

मी मान हलवली. तिने सांगितलं की शेक घ्यायला जायची तेव्हाच तिने तिथली पाटी वाचली होती. मॅट्रिक पास होती ती, वाचता येत होतं. पण बाबांचा चेहरा बघून तिने विचारलं नाही. ही गाठ हाताला लागली त्याला सात-आठ महिने झाले होते. सासरी काय सांगायचं म्हणून मिठाने शेकत राहिली, आणि बाबांना सांगावं तर ते खचतील म्हणून तेही टाळलं. शेवटी राहवेना म्हणून एकटीच निघून आली. तिकडे बाप तिच्यासाठी लपवत होता, इकडे ती बापासाठी. आणि दोघांच्या मध्ये मी खुणा करत बसले होते. ते मग मी तिला सांगितलं. दर तीन महिन्यांनी मी बोलावणं पाठवत होते, म्हटलं.

"मला एकही नाही मिळालं."

"तुझ्या वडिलांच्या ऑफिसात जायची."

"मग ते काय लिहायचे?"

"प्रकृती उत्तम आहे."

ती हसली. ते हसू मी अजून विसरलेले नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही. मग तिने साडी नीट केली, चपला घातल्या आणि विचारलं, मोठे डॉक्टर कुठे बसतात. मी म्हटलं बोलावते. म्हणाली, "नको. चालत जाते."

सरांच्या खोलीत ती अर्धा तास होती. दारामागे काय झालं ते सरांनीच नंतर सांगितलं. तिने छातीचा फोटो उजेडावर धरून बघितला, पाय किती उरेल ते स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून दाखवायला लावलं, लाकडी पाय लावून जिना चढता येतो का विचारलं. शेवटी म्हणाली की उद्या नाही, सोमवारी करा, आणि नवऱ्याची सही फाडा, मी करते. सर चष्मा पुसत बाहेर आले. "पोरगी धीट आहे," म्हणाले. जणू तो धीटपणाही एखादी दुर्मिळ गाठ होती आणि ती त्यांनीच शोधून काढली होती.

त्या दोन दिवसांत तिने काय केलं, तर फारसं काही नाही. नवऱ्याबरोबर इस्पितळाच्या आवारात फेऱ्या मारल्या. दळवी आले तेव्हा त्यांच्याशी आधी बोलली नाही, मग बोलली. सोमवारी पाय काढला.

सासूने तिला परत घेतलं नाही. ती मुलुंडला बापाकडे राहिली. चार महिन्यांनी तो बुटांकडे बघणारा नवरा आला आणि तिला घेऊन कांदिवलीला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. खोली तळमजल्याची घेतली, एवढी अक्कल त्याला होती. पुढे ती एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर झाली. गाठ परत आली नाही. मी निवृत्त होईपर्यंत ती वेळच्या वेळी स्वतः तपासणीला यायची आणि लाकडी पाय खाड खाड वाजवत बाकावरच्या सगळ्यांच्या आधी आत घुसायची.

सरांनी पुढच्या परिषदेत सुनंदावर वेगळा निबंध वाचला, 'उशिरा झालेली पुनरावृत्ती'. याही वेळी टाळ्या पडल्या. पहिल्या निबंधातली ओळ मात्र कुणी दुरुस्त केली नाही. छापलेलं आहे ते, अजून कुठेतरी कुणीतरी वाचत असेल.

आणि मला मेमो मिळाला. सासऱ्यांनी लेखी तक्रार केली होती, ती अधीक्षकांनी मान्य केली. त्यात लिहिलं होतं की आपण रुग्णास तिच्या आजाराची माहिती दिल्याचे निदर्शनास आले असून हे वर्तन सेवानियमांस सोडून आहे, तरी चोवीस तासांत खुलासा करावा. मी खुलासा टाइप केला, एकच ओळ. "पाय तिचा होता." अधीक्षकांनी मला बोलावून समज दिली, एक वेतनवाढ थांबवली आणि विषय मिटला.

दीड वर्ष न तपासलेल्या पायावर मी 'गाठ नाही' असं लिहीत आले. त्याचा खुलासा माझ्याकडे आजवर कुणी मागितलेला नाही.